मुलाची गती आणि मुलाचं पंचांग

"बाई, तुम्ही फार शिकवता."

पालघर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझा दुसरीचा तास पाहून झाल्यावर एका पाहुण्या प्रशिक्षकांनी हा अभिप्राय दिला. सूर प्रेमळ होता. पंचेचाळीस मिनिटांपैकी मी किती बोलले आणि मुलं किती बोलली, याची नोंद त्यांनी वहीत केली होती, आणि माझी मिनिटं जास्त भरली होती. शिक्षक आता सुलभक आहे, त्याने साहित्य मांडावं, मुलांना गटात बसवावं आणि बाजूला व्हावं. ज्ञान मुलं स्वतः रचतात, आपापल्या गतीने रचतात, असं त्यांनी मला समजावलं. मी गप्प राहिले. उत्तर होतं, पण मधल्या सुट्टीतल्या चहाबरोबर ते सांगून झालं नसतं. आता निवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून सविस्तर देते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा. समोरच्याचं म्हणणं दुबळं करून खोडलं तर ते खंडन होत नाही. आमच्या लहानपणी शाळा म्हणजे छडी, पाढे आणि हाताची घडी तोंडावर बोट. मुलाच्या तोंडावरचं ते बोट काढायला फार वर्षं लागली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाला बळ दिलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या २९व्या कलमाने अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना बजावलं की मुलाचं शिकणं कृतीतून, शोधातून, बालस्नेही आणि बालकेंद्री रीतीने व्हावं. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयानंतर हा विचार पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेपर्यंत पोचला. साताऱ्याकडच्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊन आले. वर्गातल्या फरशा रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या, ओळीत बसलेली मुलं गोल बसू लागली.

यातल्या कशाशीही माझं भांडण नाही. फरशीवर आखलेल्या संख्यारेषेवर उड्या मारत माझ्याही वर्गातली मुलं पुढे-मागे मोजायला शिकली. भांडण आहे ते या विचारातून जे अनुमान काढलं गेलं, त्याच्याशी. मूल ज्ञान स्वतः रचतं, हे मूल कसं शिकतं याबद्दलचं विधान आहे. शिक्षकाने काय करावं, हे त्यात सांगितलेलं नाही. अन्न मूल स्वतःच पचवतं, दुसरं कुणी त्याच्यासाठी पचवू शकत नाही. म्हणून घरात कुणी रांधू नये असं ठरत नाही. कुमठ्यातल्या शिक्षकांनी एकेका मुलामागे जी मेहनत घेतली, ती प्रवासात मागेच राहिली आणि आमच्याकडे बहुतेक ठिकाणी फक्त रंग येऊन पोचला, असं मला वाटतं. रंग दिसतो, मेहनत दिसत नाही. तपासणीला आलेल्या माणसाला दिसतं त्याचीच नोंद करता येते.

शिक्षक जितका कमी दिसेल तितकं शिक्षण बालकेंद्री, असं ज्यांना वाटतं त्यांनी डहाणू रोडच्या पुढच्या घोलवड स्टेशनावर उतरून एकदा बोर्डी आणि कोसबाड पाहून यावं. बालकेंद्री शिक्षण आमच्या जिल्ह्यात कुठल्या प्रशिक्षणातून आलेलं नाही. ते इथे साठसत्तर वर्षं आधीच नांदत होतं.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी काम केलं होतं, नूतन बालशिक्षण संघ उभारला होता, मुंबईत दादरला शिशुविहार चालवला होता. बालशिक्षणातलं त्यांचं नाव तेव्हाच मोठं होतं. त्यांच्या हाताखाली आलेल्या अनुताई वाघ पस्तिशीच्या होत्या. शहरातली घडीव साधनं, ठरलेली वेळ, घरून नाहूनमाखून आलेली मुलं, यांतलं बोर्डीत काहीच नव्हतं. याच पट्ट्यात त्याच साली वारली वेठीविरुद्ध उठले होते. ज्या घराला पोटाची भ्रांत होती, ते घर मुलाला बालमंदिरात कशाला पाठवील? मुलं येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच मुलाच्या अंगणात नेली आणि तिला 'अंगणवाडी' हे नाव मिळालं. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा सरकारने हाच शब्द उचलला. आज देशाच्या कानाकोपऱ्यात तो बोलला जातो. तो बोर्डीच्या किनाऱ्यावरचा आहे, हे आमच्या जिल्ह्यातल्या किती अंगणवाडीताईंना कुणी सांगितलं असेल?

पन्नाशीच्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे त्याहून पुढचं पाऊल पडलं. थोडी मोठी मुलं गुरांमागे जायची. गुरं राखणं ही मुलाची हौस नव्हती, घराचं उत्पन्न होतं. ते सोडून दहा वाजता वर्गात येऊन बस, असं त्याला म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणं. म्हणून कुरणशाळा निघाली. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली आहेत आणि शिक्षक शाळेचं साहित्य घेऊन तिथे गेलेला आहे. शिंपले, बिया, खडे, पानं ही मोजायची आणि लावायची साधनं झाली. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनात त्या दिवसांचं चित्र आहे. ज्यांनी ते वाचलेलं नाही, त्यांनी ते बालकेंद्री शिक्षणावरच्या कुठल्याही हस्तपुस्तिकेच्या आधी वाचावं.

या सगळ्यात नेमकं काय केंद्रस्थानी आलं? मुलाचा दिवस, मुलाची जागा, मुलाच्या घराची कमाई, त्याच्या भोवतीच्या वस्तू. शाळेने आपली वेळ सोडली, आपली इमारत सोडली, आपली महागडी साधनं सोडली. शिकवणं मात्र सोडलं नाही. उलट ते वाढलं. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, पाड्यावर घरोघर जाणं, गाणी रचणं, साधनं हातांनी घडवणं, एकेका मुलाची नोंद ठेवणं, हे सगळं शिक्षकाच्या अंगावर आलं. ताराबाई आणि अनुताई सुलभक होत्या असं कुणी म्हटलं तर मला ते खटकेल. त्या शिक्षिका होत्या.

आणखी मागे गेलं तरी हेच दिसतं. माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या वस्तीत उघडलं. ती कष्टकऱ्यांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले की मुलं चाळीत मोकळी हिंडत, भिंती खराब करत, म्हणून इमारतीच्या मालकांना मुलांची काहीतरी सोय हवी होती. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही: आई-बाप दोघंही पाळीवर, दाराला कुलूप, धाकटं भावंड थोरल्याच्या कडेवर. बालकेंद्री शिक्षण हे सुखवस्तूंच्या मुलांसाठी आहे, गरिबाच्या मुलाला शिस्त आणि पाठांतर पुरे, असं म्हणणारा एक दुसरा पक्षही आपल्याकडे आहे. त्याला एवढा इतिहास पुरेसा आहे. रोममध्ये काय, बोर्डीत काय, हे शिक्षण कामकऱ्यांच्या मुलांसाठीच उभं राहिलं. सुखवस्तूंनी ते नंतर उचललं आणि त्याची फी लावली.

पण माझा मुख्य वाद पहिल्या पक्षाशी आहे. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत वस्तूचं नाव शिकवण्याचा एक त्रिपदी पाठ आहे. तो त्यांनी फ्रेंच वैद्य सेगँ यांच्याकडून घेतला. पहिल्या पायरीवर शिक्षिका वस्तू दाखवून नाव सांगते: हा लाल, हा निळा. दुसऱ्या पायरीवर ती विचारते: लाल कुठला, दे बरं मला. तिसऱ्या पायरीवर बोट ठेवून विचारते: हा कुठला? मधली पायरी सर्वांत लांब, कारण मुलाची खरी घडण तिथे होते. मूल चुकलं तर त्याला टोकायचं नाही, पाठ तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचा. शब्द मोजके, हालचाल मोजकी, क्रम पक्का. ज्या बाईंच्या नावाने आज शिक्षकाला बाजूला व्हायला सांगतात, त्यांनी शिक्षिकेच्या एकेका शब्दाचं प्रशिक्षण दिलं. १९३९ साली त्या भारतात आल्या, महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि मद्रासला अड्यारसह ठिकठिकाणी त्यांनी वर्ग घेतले. ते वर्ग शिक्षकांचे होते. मूल आपोआप शिकत असतं तर त्यांची गरजच नव्हती. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षकही पहिल्या दिवसांत गोष्टी सांगत बसतो. आमच्या पाहुण्यांनी त्याच्या तासाला घड्याळ लावलं असतं तर त्याचीही मिनिटं जास्त भरली असती.

अमेरिकेत बालकेंद्री शिक्षणाच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे जॉन ड्यूई यांनी १९३८ साली 'अनुभव आणि शिक्षण' या छोट्या पुस्तकात आपल्याच अनुयायांना खडसावलं होतं. जुन्या शाळेतला मोठ्यांचा धाक काढला की नवी शाळा आपोआप तयार होत नाही, अनुभव निवडावा लागतो, त्याची पुढची पायरी ठरवावी लागते आणि ते काम शिक्षकाचं आहे, असा त्यांचा रोख होता. त्यानंतर २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी अत्यल्प मार्गदर्शनाची शिकवणी का फसते यावर एक लेख लिहिला. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि त्यांचं सगळंच मला पटलेलं नाही. एक गोष्ट मात्र वर्गात रोज दिसते. ज्याला आधीच थोडंफार येतं त्याला शोध घ्यायला मोकळं सोडलं तर तो पुढे जातो. ज्याला काहीच येत नाही त्याच्यापुढे नुसती वस्तूंची रास ठेवली तर तो राशीशी खेळतो, आणि खेळ संपला की तिथेच असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. मीही एक वर्ष बाजूला झाले होते. प्रशिक्षणाहून आले ती भारावूनच. चिंचोक्यांची पिशवी, काड्यांचे गठ्ठे, मणी, सगळं मांडलं, गट केले आणि मुलांत न पडता नुसती बघत राहिले. वर्ग गजबजला. पाहणाऱ्याला आनंद वाटावा असा तो गजबजाट होता, मलाही वाटला. दसऱ्याच्या सुमारास एकेका मुलाला जवळ बसवून पाहिलं तेव्हा कळलं, की ज्या चारपाच मुलांना घरी कुणी दशक-एकक सांगितलं होतं, ती गठ्ठे बांधत होती. बाकीच्यांनी चिंचोक्यांची सुंदर नक्षी काढली होती. दिवाळीनंतर त्यांतली सात मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. दहाचा गठ्ठा म्हणजे काय, हे न कळताच गेली. त्या सात मुलांचे चेहरे अजून माझ्यासमोर येतात.

इथेच मूळ प्रश्नाला हात घालायला हवा. मूल आपल्या गतीने शिकतं, हे वाक्य खरं आहे आणि गोड आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मुलाजवळ वेळ भरपूर आहे. मोठ्या शहरातल्या मुलाजवळ तो असतो. आज नाही कळलं, जानेवारीत कळेल. यंदा नाही, पुढल्या वर्षी. पालघरच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर, विक्रमगड, जव्हार, मोखाड्यात कितीतरी मुलांजवळ तो नसतो. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते. भात कापून झालं, दिवाळी झाली, की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं वसई, भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. हिशेब करा. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत साधारण अठरा आठवडे. त्यांतून रविवार वगळा, गणपती वगळा, ओढ्याला पाणी आलं म्हणून पाड्यावरचं मूल येऊ शकलं नाही ते दिवस वगळा, लावणीच्या दिवसांत धाकट्याला सांभाळायला घरी राहिलं ते वगळा. शिक्षणहक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस सांगतो. या मुलाच्या वाट्याला त्याच्या निम्मेही येत नाहीत.

अशा मुलाला 'तुझ्या गतीने शिक' असं सांगणं ही माया नाही. मुलाला केंद्रस्थानी ठेवायचं तर त्याच्या गतीबरोबर त्याचं पंचांगही ठेवलं पाहिजे. कुरणशाळेने नेमकं हेच केलं: मुलाचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं, मग शाळा त्यात बसवली. नव्वदच्या दशकात 'विधायक संसद' या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या त्याही याच रीतीने. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराचं खोपट. जिथे खोपट तिथे शाळा. आजच्या बालकेंद्रीपणात वर्गातल्या बैठकीची रचना ठरते, पण ते मूल नोव्हेंबरात कुठे असेल हे कुणी विचारत नाही. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते चांगलंच आहे. पण कार्ड हातात असून अक्षर ओळखता येत नसेल, तर भट्टीजवळच्या शाळेत ते मूल पुन्हा मागच्याच ओळीत बसतं.

पाहुण्यांनी ज्या तासाला माझी मिनिटं मोजली तो तास आता सांगते. ऑगस्ट महिना होता. वर्गात एक वारली मुलगी होती. दुसरीत, पण पहिलीतले पाच महिने भट्टीवर गेलेले, अक्षर एक येत नव्हतं. दिवाळीनंतर ती पुन्हा जाणार हे मला माहीत होतं. मुळाक्षरं क्रमाने, मग बाराखडी, मग शब्द अशा जुन्या रस्त्याने गेले असते तर बाराखडीच्या मध्यावरच दिवाळी आली असती. भोवती छापील मजकूर ठेवून ती आपोआप वाचायला लागेल म्हटलं असतं, तर तिच्या घरी छापील म्हणून काय होतं? रेशनकार्ड आणि बियाण्याची रिकामी पिशवी.

मी तीन अक्षरं घेतली, क, म, ल, आणि एकच काना. एवढ्यावर काका, मामा, लाल, माल, काम, कमळाचं कमल, असे कितीतरी शब्द होतात. हे अक्षर पाहा, याचा आवाज असा, आता तू शोध, आता तू लिही, आता दोन जोड. बोलणं बहुतेक माझंच होतं. चौथ्या दिवशी तिच्यापुढे पाटीवर दोन शब्द लिहिले. तिने पहिला वाचला: मामा. दुसऱ्यावर थांबली. बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. का, मा, ला. मग एकदम मान वर करून म्हणाली, "मामा कामाला." तिचा मामा खरंच तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जायचा. तीन अक्षरं आणि एक काना यांतून तिच्या घरातली एक खरी गोष्ट निघाली होती आणि ती तिने स्वतः वाचली होती. ज्ञान तिनेच रचलं. पण कुठली तीन अक्षरं घ्यायची, कुठला काना, कुठल्या क्रमाने, कुठलं वाक्य तिच्या दारापर्यंत पोचेल, हे मी आदल्या चार रात्री बसून ठरवलं होतं. पंचेचाळीस मिनिटांत कोण किती बोललं या नोंदीत त्या रात्री येत नाहीत.

दिवाळीपर्यंत ती सोपा परिच्छेद अडखळत वाचू लागली. पुढच्या जूनमध्ये परतली तेव्हा बरंच गणित विसरली होती, वाचन विसरली नव्हती. सगळीच मुलं अशी टिकली असं मी म्हणणार नाही. काही परतलीच नाहीत. पण जी वाचायला लागून गेली ती अधिक संख्येने परत आली, हे मी माझ्या हजेरीपटावरून सांगू शकते.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये २०११ पासून काही वर्षं मुलांच्या वाचनाचा सलग अभ्यास झाला. सोनाळ्याची 'क्वेस्ट' ही संस्था त्यात होती. तिसरीपर्यंत पोचूनही पुष्कळ मुलं शब्दाशीच अडखळत होती, असं त्यात दिसलं. अभ्यासकांनी सुचवलं ते असं की पुस्तकावर, गोष्टीवर, अर्थावर मुलांशी भरपूर बोला आणि त्याबरोबरच अक्षरं स्पष्ट, नेमून शिकवा. अर्थ आणि अक्षर, दोन्ही. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ साली सुरू केलेल्या 'ग्राममंगल'ची डहाणू तालुक्यातली ऐन्याची शाळा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की तिथे मुलाला जितकं स्वातंत्र्य आहे तितकीच शिक्षकाची तयारी आहे.

गटकार्याबद्दलही थोडं बोलते. बोईसर भागातल्या माझ्या एका वर्गात घरी हिंदी आणि भोजपुरी बोलणारी, उडिया बोलणारी, गुजराती बोलणारी, वारली बोलणारी आणि मांगेली बोलणारी मुलं एकत्र होती. मुलांना गटात बसवा आणि बाजूला व्हा, हा मंत्र या वर्गात मी काही दिवस पाळून पाहिला. प्रत्येक गटात एक धीट मूल पुढारी झालं, साहित्य त्याच्या हातात गेलं आणि वारली मुलं त्याला खडे उचलून देऊ लागली. शिक्षक गप्प झाला म्हणून वर्गात समता येत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं राज्य येतं, आणि ते राज्य वर्गाबाहेर जे चालतं तेच असतं. मग मी मध्ये पडले. आधी वारली मुलाने त्याच्या बोलीत सांगायचं, मी ते फळ्यावर लिहायचं, मग बाकीच्यांनी. मूल शक्यतो मातृभाषेत शिकावं, हेही त्याच २९व्या कलमात लिहिलेलं आहे. ते वाचून दाखवणारा प्रशिक्षक मला अजून भेटायचा आहे.

मुलाच्या अनुभवातून शिकवा, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण अनुभव मुलाचा असतो, त्यातून पुढे कुठे न्यायचं ते शिक्षकाला माहीत असावं लागतं. पाचवीत एका मुलाने सांगितलं, बाबा बारा तास काम करतात, त्यातले चार तास ओटी. किती मिळतात? आठ तासांचे चारशे, बारा तासांचे सहाशे. वर्गाला हिशेब बरोबर वाटला: तासाला पन्नास, बारा तासांचे सहाशे. शोध इथे संपला असता आणि भागाकार-गुणाकाराची संकल्पना साध्य झाली असं मी नोंदवलं असतं. मी मुलांना सांगितलं, की कारखाने कायद्यात जादा तासाला दुप्पट दर आहे. आता करा. आठ तासांचे चारशे, चार तासांचे शंभराच्या दराने चारशे, म्हणजे आठशे. वर्ग शांत झाला. त्या मुलाने उत्तराखाली दोन रेघा मारल्या. ही दुप्पट कुठलंही मूल शोधून काढू शकत नाही. ती कुणीतरी सांगावी लागते. ज्या घरात ती सांगणारं कुणी नाही, तिथे शाळेने सांगायची नाही तर कुणी? शिक्षकाने माहिती देऊ नये, मुलांनी ती मिळवावी, असं म्हणणाऱ्यांच्या घरी ती मिळवायची सोय असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शिक्षकाला पुन्हा शिकवण्याची मुभा दिली तर छडी आणि घोकंपट्टी परत येणार नाही का? काही ठिकाणी येईल. मी अशा शाळा पाहिल्या आहेत, जिथे 'आदिवासी मुलांना हेच कळतं' म्हणून दिवसभर सामूहिक पाढे चालतात आणि मुलांची नजर खिडकीबाहेर असते. पाढे मीही पाठ करून घेतले, पण तीन पाचे पंधरा म्हणजे काय हे खड्यांनी कळल्यानंतर. वाईट शिकवण्याला उत्तर चांगलं शिकवणं हे आहे. स्वयंपाक बिघडतो म्हणून चूल विझवून चालत नाही. ताराबाईंनी छडी बंद केली तेव्हा तिच्या जागी मौन ठेवलं नाही, निरीक्षण ठेवलं. मूल काय करतं, कुठे अडतं, कशाने खुलतं हे पाहायचं आणि त्यावरून उद्याचा पाठ ठरवायचा. उद्याचा पाठ ठरवायचाच नसेल तर निरीक्षण कशासाठी?

म्हणून 'सुलभक' हा शब्द मला मान्य नाही. काही शिक्षक तो आनंदाने लावून घेतात, त्यांना मी दोष देत नाही. पण तपासणीच्या तक्त्यात तो आला की शिक्षकाची जबाबदारी सौम्य होते. मूल वाचायला शिकलं नाही तर त्याची गती कमी होती, आम्ही साहित्य मांडलं होतं, असं म्हणण्याची वाट मोकळी होते. शिक्षक या शब्दात ती पळवाट नाही.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. आपलं स्वतःचं शिक्षण खातं आहे, आपले अधिकारी आहेत, आपली बोर्डी आणि आपलं कोसबाड आहे. त्यांना आणि माझ्यानंतर वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हजेरीपट उघडून दिवाळीनंतर जाणाऱ्या मुलांच्या नावापुढे पेन्सिलीने एक खूण करा. खूण केलेल्या प्रत्येक मुलाला गणपतीच्या सुट्टीआधी आणि दसऱ्याआधी एकदा जवळ बसवून वाचायला लावा. शाळाभेटीला येणाऱ्यांनी वर्गात कोण किती मिनिटं बोललं हे मोजू नये. खूण केलेली मुलं कोणती, ती आज काय वाचतात, आणि वाचत नसतील तर उद्या सकाळी बाई त्यांना कुठली तीन अक्षरं शिकवणार आहेत, एवढं विचारावं.